वाफ जिथं संपली: बंगळूरहून चांद्याच्या कोळसा खाणीत

"भर हिवाळ्यात खाणीत पाणी वाढतंय, आणि पंप आपला आहे," साहेबांनी तार माझ्या हातात दिली. "नाव खराब व्हायच्या आत जाऊन या."

साठच्या दशकातली गोष्ट. यशवंतपूरच्या पंप कारखान्यात मी नुकताच तपासनीस झालो होतो. "तिकडं थंडी स्वल्प जास्तच री," म्हणत शेजारच्या कानडी अक्कांनी यजमानांचा लोकरी कोट आणि चटणीपुडी दिली.

आधी मद्रास गाठलं, फलाटावर इडल्या खाल्ल्या आणि दिल्लीकडची गाडी धरून दुसऱ्या दिवशी बल्लारशाला उतरलो. पुढं खाणीचा ट्रक. रस्ता असा, की चटणीपुडी कोटाच्या खिशात फुटली.

तुम्ही कधी खाणीत उतरलात तर कोट वरच ठेवा. खाली चांगलंच उकडतं. पंप चालवणारे रामय्या मला उतारावरून, खाणीतलं पाणी साठतं त्या टाक्यापाशी घेऊन गेले. मी पंप खोलून पाहिला. दोष कुठंच नव्हता.

"पंप थकत नाही साहेब, पण पाणीबी थकत नाही," रामय्या म्हणाले. वर मॅनेजरांनी स्पष्टच सांगितलं, "दोन दिवसांत पाणी उतरलं नाही, तर खालचं काम बंद." रामय्यांचे दोन्ही भाऊ खालीच काम करत होते. रात्री मला नीट झोप लागली नाही.

सकाळी उपसलेलं पाणी जातं कुठं ते बघायला नाल्याच्या काठानं निघालो. खाणीतलं पाणी कोमट, त्यामुळे थंडीत नाल्यावर छान वाफ धरली होती. बायकांची धुण्याला ही गर्दी!

"इथंच एवढी गर्दी का?" मी विचारलं.

"पुढं पानीच नाही ना जी!" अंजनाबाई नावाच्या बाईंनी धुणं आपटत सांगितलं. "पयले पार बाभळीपावतर जाये. दिवाळीपासून इथंच जिरते."

खरंच, वीस पावलांवर वाफ संपली होती. गवत बाजूला केलं तर जमिनीला भेग, आणि आत गडगड आवाज. खाली जुनी, काम संपलेली खाण होती. उपसलेलं पाणी तिथून परत टाक्यात!

निरोप मिळताच रामय्या धावत आले, वाकून बघितलं आणि मटकन खाली बसले. "म्हणजे दिवाळीपासून मी एकच पाणी उपसतोय?" डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

आम्ही जुने पाइप जोडून पाणी भेगेपलीकडं नेलं. अंजनाबाईंनीही पदर खोचून हात लावला. दुसऱ्या संध्याकाळी टाक्यातलं पाणी हातभर उतरलं. मॅनेजरांनी स्वतः भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. तशी भाजी मी पुन्हा कुठं खाल्ली नाही.

परत आल्यावर साहेबांनी माझा अहवाल वाचला. 'दोष कोणी शोधला' या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

"या अंजनाबाई कुठल्या खात्यातल्या?"

"धुण्याच्या, सर."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. मग हसत पेन उचललं आणि नाव तसंच ठेवून खाली सही केली.