मेमरी वाढवली की पळेल

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर जळगावात आमच्या गल्लीत एकच कॉम्प्युटर होता, आणि तो आमच्याकडे. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. काळ्या पडद्यावर चार कमांड टाइप करता येत होत्या, तेवढ्या भांडवलावर गावभर मान मिळत होता. खरं काम बायको करायची. बाहेरच्या खोलीत बसून ती लग्नपत्रिका जुळवायची आणि प्रिंट छापखान्यात पाठवायची. मी फक्त सकाळी मशीन सुरू करून द्यायचो आणि ते अडलं की गंभीर चेहऱ्याने शेजारी उभा राहायचो.

मशीन थकलं होतं. गणपतीचं चित्र पडद्यावर उमटायला इतका वेळ लागायचा की बायको तेवढ्यात भाजी निवडून घ्यायची. लग्नसराई तोंडावर आली तेव्हा ती म्हणाली, "आता नवीनच घेऊ."

"नवीन कशाला? मेमरी वाढवली की पळेल," मी म्हणालो. हे मी एका मासिकात वाचलं होतं. तेही अर्धंच.

भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले एक नाना कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. रविवारी मशीनचा डबा चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मी एसटीने त्यांच्याकडे गेलो. नानांनी झाकण उघडलं, आत बराच वेळ पाहिलं आणि चष्मा काढला.

"सर, यात पैसे घालू नका. नवीन मशीन घ्या. वहिनींचा वेळ वाचेल."

मी हट्टाने मेमरीच्या दोन पट्ट्या घेतल्या. ते बसवून देतो म्हणाले, तर मी म्हणालो, "मी बसवीन की. विज्ञान शिकवतो." घरी आल्यावर बायकोने विचारलं, नाना काय म्हणाले?

"म्हणाले, मेमरी वाढवली की पळेल."

ही थाप मी का मारली, ते मला तेव्हाही माहीत होतं. नव्या मशीनवर म्हणे सगळं माउसने चालायचं. माझ्या चार कमांड तिथे कुणी विचारल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारोळ्याकडचे एक आबा नातीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आले. दुपारच्या गाडीने त्यांना परत जायचं होतं. आयता प्रेक्षक मिळाला म्हणून मी त्यांच्या समोरच झाकण उघडलं आणि पट्टी कशी बसवतात ते समजावत जोर दिला. कट् असा आवाज झाला. पट्टी धरून ठेवणारी प्लॅस्टिकची पकड तुटली होती. तसंच बटण दाबलं, तर पडदा काळा आणि आतून पीं पीं सुरू.

आबांनी कान दिला. "सर, हाई काय म्हनी ऱ्हायनं?"

"मेमरी शोधतंय," मी म्हणालो.

"मंग पयले जसं व्हतं तसंच करी द्या ना."

तेच तर जमत नव्हतं. जुनी पट्टीही आता तिथे उभी राहीना. मी तिसऱ्यांदा स्क्रू फिरवत होतो तेव्हा बायको उठली आणि समोरच्या दुकानातून भुसावळला फोन करून आली. येताना तिने रद्दीतली एक जाड पत्रिका घेतली, तिची घडी घालून पट्टीमागे खोचली आणि बटण दाबलं. मशीन सुरू झालं.

आबांनी प्रूफ दोनदा वाचलं, मामांच्या नावातला काना दुरुस्त करून घेतला, चहा घेतला आणि गाडी गाठली. ते गेल्यावर बायकोने कपबश्या उचलल्या. मग म्हणाली, "नाना म्हणत होते, मी सरांना कालच सांगितलं होतं, नवीन घ्या म्हणून."

मी स्क्रू गोळा करत राहिलो.

"मला तसं का नाही सांगितलंत?"

"मला ते नवं चालवता आलं नसतं," मी म्हणालो. इतकं खरं बोलायची सवय नसल्याने आवाज जरा चिरकला. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मलाही नाही येत. शिकू."

नवं मशीन पंधरा दिवसांत आलं. नानांनी स्वतः येऊन जोडलं. बायको आठवड्यात शिकली. मी शाळेतून आल्यावर, ती स्वयंपाकात असताना, चोरून सराव करायचो. माउस टेबलाच्या कडेशी येऊन अडला की मी तो हवेत धरून पुढे न्यायचो आणि पडद्यावरचा बाण का हलत नाही याचं कारण विजेच्या दाबात शोधायचो.

एकदा ती पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी दारात उभी राहून बराच वेळ ते बघत होती. मग आत आली, कोपराने माझा हात खाली टेबलावर दाबला आणि म्हणाली, "उचलून मागे आणा हवं तर, पण खाली ठेवल्यावरच सरकवा."

आणि बाण सरकला.