लेकीचं पाणी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी शिकवायला नको. आमचं घर देव, भूत, आत्मा यातलं काहीही न मानणारं. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून घरात अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही. वडिलांसमोर कुणी ‘आत्मा’ म्हटलं की ते जेवणाचं ताट सरकवून वाद घालायला बसायचे. मीही त्याच वळणावर गेलोय. इथले अनुभव वाचून आजवर हसतच आलो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण घडलं ते घडलं.

मी अमरावतीत राहतो. कंपनी पुण्याची, काम घरून. घरात मी, बायको स्नेहल आणि आई. वडील आता नाहीत. आईचं माहेर अकोला जिल्ह्यात — दर्यापूर ओलांडून म्हैसांगकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत एक गाव आहे, तिथलं. सगळा पट्टा खारपाणाचा. विहीर घ्या, बोअर घ्या, पाणी खारटच. डाळ शिजत नाही, चहाला चव येत नाही. आई लग्न होऊन अमरावतीला आली तेव्हापासून माहेरी जाताना घरच्या नळाचं पाणी कॅन भरून न्यायची. लोक माहेरी लाडू नेतात, आमची आई पाणी! आजी ते वेगळ्या माठात ठेवायची आणि त्याला ‘लेकीचं पानी’ म्हणायची. पुढे गावात फिल्टरचं मशीन बसलं, पण ते पाणी आजीला कधी पटलं नाही. "दवाखान्यावानी लागते," म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात आजीनं अंथरूण धरलं. कापूस वेचणीचे दिवस, मामा-मामी दिवसभर वावरात. शेजारच्या वच्छलाबाई दुपारच्या तिच्याजवळ बसायच्या. एका शुक्रवारी संध्याकाळी आजीनं आईला फोन लावायला सांगितला. आवाज पार खोल गेला होता. "शीला, घोटभर पानी आन ना वं..." एवढंच बोलली.

शनिवारी सकाळी सातलाच आई कॅन भरून, चपला घालून हॉलमध्ये उभी. आमची गाडी घेऊन स्नेहल आदल्या संध्याकाळीच मोर्शीला, तिच्या माहेरी गेली होती. मला एक ते पाच मीटिंग. मी म्हटलं, "आई, उद्या जाऊ ना. एका दिवसानं काय होते?"

भाड्याची गाडी करता आली असती. मीटिंग दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारता आली असती. दोन्ही केलं नाही. आजी दोन वर्षं ‘आता जाते, मग जाते’ करत होती, आणि मी तिला गृहीत धरून चाललो होतो. आईनं वाद घातला नाही. चपला काढल्या. दुपारी दोन घास खाल्ले आणि हॉलमधल्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडली. मी त्याच हॉलमध्ये टेबलाशी, कॅमेरा सुरू ठेवून, पाचपर्यंत. सबंध वेळ ती माझ्या मागे, स्क्रीनवरच्या माझ्याच चौकटीत मला दिसत होती. हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

रविवारी पहाटे मामाचा फोन आला. आजी गेली होती.

स्नेहल मोर्शीहून गाडी घेऊन आली, अंत्यविधीला पोचलो आणि संध्याकाळी परतलोही. आईनंच हट्ट धरला. माहेरच्या लोकांना तोंड दाखवायची तिला शरम वाटत होती. त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. सगळं स्नेहलमार्फत — "त्याले म्हनाव, जेवून घे." शिव्या घातल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं. आठ दिवस मी त्या घरात चोरासारखा वावरत होतो, कारण माझा गुन्हा मलाही ठाऊक होता.

पुढच्या रविवारी आजीचा जलदान विधी आणि पुण्यानुमोदन. सकाळीच तिघं निघालो. वलगाव, खोलापूर, दर्यापूर... दोन्हीकडे काळी रानं, तुरी उभ्या, मधेच कापसाची वाळलेली पऱ्हाटी. स्नेहलनं आईला विचारलं, "कॅन राहिली का हो घरी?"

"कोनासाठी नेऊ?" आई म्हणाली.

मामाच्या अंगणात मांडव होता. आमच्यात जलदानाला घरची माणसं एका भांड्यातून वाटीत पाणी ओततात, वाटी भरून वाहेपर्यंत, आणि भंतेजी गाथा म्हणतात. मामानं ओतलं. मग आईच्या हातात भांडं दिलं. तिनं ते धरलं आणि तशीच बसून राहिली.

"जित्ती होती तवा पाजलं नाही," ती मोठ्यांदा म्हणाली. "आता मेल्यावर कोनाले पाजू?"

भंतेजी थांबले. मी मान खाली घातली.

तेवढ्यात बायकांमधून वच्छलाबाई बोलल्या, "काऊन वं शीला, असं काऊन म्हनतं? पाजलं ना तू. शनवारी दुपारी."

वच्छलाबाई त्याच शनिवारी संध्याकाळी लेकीच्या बाळंतपणासाठी एसटीनं बार्शीटाकळीला गेल्या होत्या. अंत्यविधीला त्या नव्हत्या. आज तिथून थेट मांडवात आलेल्या.

"मी आल्ती?" आईनं विचारलं.

"आल्ती ना! आठ दिवसांत इसरली का? तीनक वाजले असतीन. कॅन घेऊन आली. मायचं डोकं मांडीवर घेतलं अन् चमच्या-चमच्यानं पाजलं. अख्खा गिलास पेली बुढी. कॅनमधलं घोटभर म्याही पेली, गोड पानी होतं. मंग म्या म्हटलं, आता लेक आली, आपुन कपडे धुऊन घ्यावं. आली तं तू गेल्ती, अन् बुढी शांत झोपेल होती."

आईनं माझ्याकडे पाहिलं... आठ दिवसांत पहिल्यांदा. मी ‘आई तर घरीच होती’ म्हणणारच होतो, तोच स्नेहलनं माझं मनगट दाबलं. आईनं पाणी ओतायला घेतलं. वाटी भरली, खालची परात भरली, पाणी सतरंजीवर पसरलं, तरी ती ओततच होती. भंतेजींनी पुन्हा गाथा सुरू केली. मग आई रडली, अगदी पोटभर.

जेवणं झाल्यावर मी वच्छलाबाईंना मोरीजवळ गाठलं. म्हटलं, "मावशी, दिवसाची गफलत होत असंन."

"गफलत काऊन होईन? त्याच सांजच्याले मी एसटीत बसली ना. अन् तुमच्या गाडीचा डावा दरवाजा चेपेल होता. म्या मनात म्हटलं, पोट्ट्यानं कुठं ठोकली?"

ते दार शुक्रवारी चेपलं होतं, मोर्शीला जाताना. अंत्यविधीला गाडी तशीच आणली होती, पण तेव्हा वच्छलाबाई बार्शीटाकळीला. गुरुवारी मी दार दुरुस्त करून घेतलं. कुणाकडून ऐकलं असेल का? असेलही. पण शोकाच्या घरात गाडीच्या दाराची चर्चा कोण करत बसेल...

"मंग मी कुठं होतो?" मी हसण्यावारी नेत विचारलं. "आईले आनलं कोनं?"

"तूच तं आनलं! बाहेर गाडीतच बसून होता, कानाले फोन लावून. बुढीनं दोनदा इचारलं, पोट्टा काऊन नाही आला आत? शीला म्हने, त्याले काम हाये. म्या दारातून हात केला तुले. तू पायलं बी नाही."

मी हात धुतले आणि मांडवात जाऊन बसलो.

परतीच्या वाटेवर आई पुढच्या सीटवर बसली. खोलापूर गेल्यावर म्हणाली, "प्रशिक, तू नीट जेवला का रे?" मी हो म्हटलं. तेव्हापासून ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलते, नीट जेवते. तिनं पाणी पाजलं यावर तिचा ठाम विश्वास आहे. कसं, ते ती विचारत नाही, आणि वडील असते तर यावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं असतं.

मी मात्र सगळं तपासलं. मीटिंगचं रेकॉर्डिंग पाहिलं — एक ते पाच मी खुर्चीत, मागे दिवाणावर आईची पाठ. गाडी मोर्शीतच होती, स्नेहलच्या भावानं त्या दुपारी ती धुतली होती. मामी सांजेला वावरातून आली तेव्हा घरात आजी आणि वच्छलाबाईंशिवाय कुणी नव्हतं. वच्छलाबाई सत्तरीच्या आहेत, त्यांना भास झाला असेल, किंवा आईची दया येऊन त्यांनी तिथल्या तिथे रचलं असेल. माझ्यासारख्या माणसानं हेच धरून चालायला हवं.

पण दयेपोटी रचायचंच होतं, तर मलाही त्यांनी आजीच्या उशाशी बसवलं असतं ना? कुणाचं काय गेलं असतं? त्यांनी मला बाहेर ठेवलं. आजीनं दोनदा विचारूनसुद्धा.

आईला हे गाडीतलं मी सांगितलेलं नाही. त्या दुपारी मी तिथे नव्हतो, हे मी कुणालाही पुराव्यानिशी दाखवू शकतो. पण असतो, तर अगदी तसाच गाडीत बसून राहिलो असतो.