आरशावरचं तिकीट

ब्याऐंशीच्या दिल्ली एशियाडच्या आधीच्या उन्हाळ्यात वडील नोकरीसाठी भोपाळला होते. त्यांच्या प्रत्येक पाकिटावर एशियाडचं टपाल तिकीट असायचं, जंतरमंतर आणि त्यावर सूर्य. दुपारी कूलरच्या ओल्या वासात मी ती तिकिटं परातीतल्या पाण्यात सोडायची आणि सुटली की आईच्या आरशावर वाळायला चिकटवायची. वाळलेलं तिकीट आपोआप गळून पडायचं. अर्धवट झोपेत वाटायचं, घरात सूर्य गळतायत.

एक मात्र पडेना. टपालाच्या गोंदावर वडिलांचा विश्वास नव्हता, ते वरून घरचा डिंक फासत; या तिकिटाला तो जरा जास्तच लागला होता. मी चिडून नखानं खरवडायला लागले, तर आई म्हणाली, "काहून काढून राहिली वं? राहू दे त्याले."

मग रोज कुंकू लावून झालं की ती जराशी सरकायची, म्हणजे आरशातला सूर्य नेमका तिच्या कपाळावर यायचा.

काही वर्षांनी वडील गेले. जमलेल्या शहाण्या बायकांनी आरशाच्या कडेच्या तिच्या टिकल्या एकूण एक काढून नेल्या. तिकिटाकडे कुणी पाहिलं नाही, त्यांना तो नुसता कागद वाटला.

तेराव्यानंतर आई आरशासमोर उभी राहिली, आणि जराशी सरकली.