पालखीची वस्ती आणि संध्याकाळची पाळी

११ फेब्रुवारी २०२५ रोजी श्यामकांत मांडवकरने रियाधच्या बत्हा बाजारातून गावी ४६,२८० रुपये पाठवले. एवढी रक्कम तो एका वेळी कधी पाठवत नाही. पण यंदा त्याच्या घरी पालखीची वस्ती होती.

श्यामकांत संगमेश्वर तालुक्यातला. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी तिथं घरोघर फिरते आणि प्रत्येक वाडीत एका घरी रात्रभर मुक्काम करते. श्यामकांतच्या टेपवाडीत बारा घरं, म्हणून एका घराची पाळी बारा वर्षांनी येते. मागच्या वेळी नारळ घेऊन दारात त्याचे वडील उभे होते. ते आता नाहीत. घरचा कर्ता हजर नसेल तर पालखी ओटी घेऊन पुढच्या घरी वस्तीला जाते, आणि पाळी गेली ती गेलीच. श्यामकांत एक्कावन्न वर्षांचा आहे. पुढची पाळी त्रेसष्टाव्या वर्षी.

रियाधच्या ज्या हॉस्पिटलात मी हिशेब सांभाळतो, तिथल्या वातानुकूलनाच्या प्लांटवर तो चौदा वर्षं आहे. सोबतीला इब्राहीम खतीब, त्याच्या शेजारच्याच गावचा. रजेच्या काळात कंपनी सकाळच्या पाळीला बदली माणूस देते, संध्याकाळच्या पाळीला देत नाही. त्यामुळे दोघांपैकी एकानं संध्याकाळी तिथं असायलाच हवं. त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं: रमजानचा महिनाभर आणि ईदेला संध्याकाळ श्यामकांतची, शिमग्याला श्यामकांत गावी गेला की संध्याकाळ इब्राहीमची. साहेबलोकांना यात कधी लक्ष घालावं लागलं नाही.

पाठवलेल्या पैशांचं काय होणार, हे त्यानं मला आनंदानं सांगितलं होतं. घराला रंग, अंगणाला नवा मांडव, दोन ढोलांना नवं कातडं, रात्रीच्या पंगतीचा शिधा. रंगारी गावचाच. पंगतीचं जेवण बचत गटाच्या बायका करणार. नारळ, गुलाल आणि अगरबत्ती इब्राहीमचा भाऊ शादाब याच्या दुकानातून. वर्षातला सर्वांत मोठा गल्ला त्याचा शिमग्यालाच होतो. आम्हा कॉमर्सवाल्यांचा मार्चअखेर असतो तसा त्या गावाचा मार्चअखेर म्हणजे शिमगा. वर्षभर थकलेली मजुरी आणि उधारी तेव्हा चुकते, कारण चाकरमानी तेव्हा येतात. मुंबईचे येतात, आखातातले येतात, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांचे पैसे येतात.

अडचण निघाली ती चंद्रामुळे. दोघांचे सण चंद्रावरच चालतात. पण आपण अधिक महिना घालून चंद्राला थोपवतो, ते थोपवत नाहीत. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. सरकत सरकत तो यंदा नेमका शिमग्यावर आला होता. एक मार्चपासून रमजान, चौदाला होळीचा होम. त्यातच इब्राहीमची आई आयुष्यात पहिल्यांदा उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, येणार होती, वीस मार्चला. रजा काढून शेवटचे दहा दिवस तिच्यासोबत मक्केत राहायचं, मग ईद करून परत. आणि टेपवाडी पालखीच्या वाटेवर सर्वांत शेवटची. तिची तारीख होती चोवीस.

 आठवड्यानं इब्राहीमच म्हणाला, "श्याम, आईचं तिकीट बदलून बघू काय?"

"खुळा झालास? म्हातारीनं आजवर रत्नागिरी सोडून गाव बघितला नाय. तिला मक्का दाखव."

"मग तुझा देव?"

"देव समजून घेईल."

"देव घेईल रे. हेमलता भाभी घेईल काय?"

इब्राहीमचा अंदाज बरोबर निघाला. पुढचं मी श्यामकांतकडून ऐकलं. त्याला ते त्याच्या बायकोनं, हेमलतेनं, फोनवर सांगितलं. "गावकरांना सांग, आमची पाळी सोडा," एवढाच निरोप त्यानं दिला होता. हेमलतेनं तो पोचवलाच नाही. शिमग्याची बैठक भरली तिथं ती स्वतः जाऊन उभी राहिली. बायका सहसा त्या बैठकीत बोलत नाहीत.

"भावजी," ती मानकरी गिरीश यांना म्हणाली, "चोवीस तारखेला पालखीला खांदा द्यायला माणसं किती असतील?"

"असतील की. का वो वहिनी?"

"गेल्या वर्षी सहा होती. त्यातल्या दोघांना मूळव्याध."

बैठकीत हशा पिकला. मुंबईची पोरं सोळाच्या रविवारी परत जातात, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पालखी वरच्या वाडीत नाचते, मधल्या वाडीत चालते आणि टेपवाडीत कशीबशी पोचते. हेमलता म्हणाली, यंदा उलटं करा. होम झाला की आधी टेपवाडी, शेवटी वरची.

वरची वाडी गिरीश यांचीच. ते म्हणाले, "म्हणजे देवाची वाट आता रियाधच्या रजेवर ठरायची?"

"वीस वर्षं मुंबईच्या रजेवर ठरतेय. तेव्हा देव काय बोलला?"

 अखेर म्हाताऱ्यांनी देवीलाच विचारू म्हणून कौल लावला. फूल उजवं पडलं, म्हणजे देवीचा होकार. गिरीश यांनी देवीसमोर हात जोडले आणि स्वतःच तोडगा काढला: यापुढे एका वर्षी वाट वरून, एका वर्षी खालून.

टेपवाडीची तारीख पंधरा मार्च झाली. श्यामकांतनं चार ते एकोणीस रजा मंजूर करून घेतली. त्या दिवसांच्या संध्याकाळच्या पाळ्या मात्र इब्राहीमला रोजा धरून कराव्या लागणार होत्या. तो म्हणाला, "प्लांटमध्ये गारवा आहे. मशिदीपेक्षा तिथंच बरं." ते त्यानं उगीच म्हटलं होतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

पंधरा तारखेला मी भजी घेऊन प्लांटमध्ये गेलो. रोजा सुटायला पाच-सात मिनिटं होती. इब्राहीमसमोर कागदावर खजूर आणि ताकाची बाटली. तेवढ्यात श्यामकांतचा व्हिडिओ कॉल आला. गावाकडे साडेआठ झाले होते. आधी नुसताच गुलाल दिसला, मग मांडव, मग पंधरा-वीस खांद्यांवर उसळणारी पालखी.

"आवाज येतोय काय?" श्यामकांत ओरडला.

"येतोय, पण ढोल तुझा की कॉम्प्रेसर माझा, ते कळत नाय!"

फोन बहुधा हेमलतेच्या हातात गेला, कारण श्यामकांत आता समोर दिसू लागला. पांढरा सदरा, हातात नारळ, बापाच्या जागी उभा. गिरीश यांनी गाऱ्हाणं घातलं आणि त्यात त्याचं नाव घेतलं, परदेशी राबणाऱ्या लेकराला सुखरूप ठेव म्हणाले. लोक "व्हय म्हाराजा" म्हणाले. इब्राहीमही इकडे पुटपुटला.

"नारळ शादाबकडचेच ना रे?" त्यानं विचारलं.

"एकशे दहा घेतले. चार कुजके निघाले, सांग त्याला!"

बाहेर अजान झाली. इब्राहीमनं खजूर तोंडात टाकला. फोन चालूच होता. श्यामकांत पालखीखालून वाकून गेला आणि मग त्यानं ढोल गळ्यात अडकवला. भजी गार झाली, तरी आम्ही संपवली.

एकोणीसला तो परत आला. कपाळावर गुलालाचा डाग अजून होता. वीस तारखेला इब्राहीमची आई उतरली. तिच्यासाठी श्यामकांतनं गावाहून सांडगे आणले होते. मक्केच्या वाटेवर तिनं ते कोणाकडे तळून घेतले, ते मला माहीत नाही. ईद आणि पाडवा यंदा एकाच दिवशी, तीस मार्चला आले. त्या संध्याकाळीही प्लांटवर श्यामकांतच होता.

श्यामकांतच्या रजेत इब्राहीमनं संध्याकाळच्या सोळा पाळ्या काढल्या. इब्राहीमच्या रजेत श्यामकांतनं अकरा काढल्या. श्यामकांतकडे इब्राहीमच्या पाच पाळ्या अजून बाकी आहेत.