उजव्या बोटावरची शाई

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवापुढे उभा राहतो तेव्हाही तेवढं टाळून बाकीचं सगळं बोलतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही अंबूकाकूला ओळखत नाही. उद्या तिच्या दारावरून जाताना तुमची मान खाली जाणार नाही. माझी जाते — आणि तिला ती दिसत नाही, हे आणखी वाईट.

पनवेलहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं टाइल्सचं दुकान आहे. मी तोंडाळ माणूस. टीव्हीवर निवडणुकीचा विषय निघाला की सगळ्यात मोठा आवाज माझा. हा चोर, तो लबाड, सगळे एका माळेचे मणी! परवा दिल्लीत निवडणुकीच्या कायद्यांत काय बदल करावेत यावर चर्चा चालू होती, मतं कशी घ्यावीत, कशी मोजावीत. एक खासदार तावातावाने ओरडत होता, मत चोरणारा माणूस सगळ्यात नीच. बायको म्हणाली, आज तुम्ही गप्प कसे? काय सांगणार होतो तिला?

अंबूकाकू आमच्या शेजारची. नवरा उरणकडच्या मिठागरात राबला, तीही राबली. मिठागरं गेली, जमिनी गेल्या. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना मोबदला मिळाला, राबणाऱ्यांच्या नावावर काय असतं? पायाच्या भेगा. मग ती दोघं इकडे भाड्याने राहायला आली. नवरा गेला, पुढे काचबिंदूने काकूचे दोन्ही डोळे गेले. पण मतदानाचा दिवस आला की ठेवणीतलं लुगडं, केसात अबोलीचा गजरा, आणि सकाळपासून दारात बसून — सुन्या, चल रे, रांग लागंल! मी चेष्टा करायचो, काकू, लग्नाला चाललीस का? ती म्हणायची, "माज्या नावावर जमीन नाय, घर नाय. येवढं एक मत हाय."

आंधळ्या माणसाला सोबती नेता येतो. तो आत जाऊन त्याच्यासाठी बटण दाबतो. आधी लिहून द्यावं लागतं, की सांगितलं तसंच करीन आणि ते गुप्त ठेवीन. आणि सोबत्याच्या उजव्या बोटाला शाई लावतात. स्वतःच्या मताची डाव्या बोटाला, दुसऱ्याच्या मताची उजव्या. काकूचा सोबती कायम मी. तिची सून म्हणायची, सुनीलभावजी असताना काळजी कशाला?

मी सांगतोय त्या निवडणुकीला कपबशी चिन्हावर एक अपक्ष उभा होता. मिठागरातल्या मजुरांना काहीतरी मिळावं म्हणून वर्षानुवर्षं सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणारा. पडणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. काकूला नाही का कळत? कळत होतं. पण तिने अख्ख्या आळीत जाहीर केलं होतं — माजं मत कपबशीला.

आणि दिनूशेठ... इथे मी थोडा अडखळतो, सांभाळून घ्या. दिनूशेठ बांधकामं करायचा, माझ्याकडून टाइल्स न्यायचा, आणि मोठ्या पक्षाचं आमच्याकडचं काम बघायचा. आदल्या दिवशी दुकानात आला. चहा घेतला. हसत हसत म्हणाला, "सुनीलशेठ, मोजणी बूथवार होते. आपल्या बूथवर कपबशीला एक जरी मत निघालं, तर ते कुठल्या घरातून आलं आणि कुणी दाबलं, मला विचारायला नको."

बस्, एवढंच. धमकी दिली नाही, आवाजही चढवला नाही. जाताना माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशीसुद्धा केली.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बूथवर काकूचा हात धरून मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो. तिने माझं मनगट घट्ट पकडलं होतं. गजऱ्याचा वास येत होता. कपबशी समोर होती. माझं बोट तिथवर गेलंही होतं — खरंच गेलं होतं, पण त्याचं काय कौतुक? ते वर सरकलं आणि दिनूशेठच्या माणसाचं बटण दाबलं. मशीन लांब वाजलं. शेजारच्या काचेमागे चिठ्ठी दिसली आणि खाली पडली. काकूने त्या आवाजाकडे तोंड केलं आणि हसली. हळूच विचारलं, "दिसली का रं कपबशी?"

मी म्हटलं, दिसली.

निकालानंतर चहाच्या टपरीवर दिनूशेठचा माणूस मोबाईलवरचे बूथवार आकडे मोठ्याने वाचत होता. कपबशी — भोपळा! सगळे खो खो हसले. मीही हसलो हो. काय करणार होतो?

काकूला ते सुनेकडून कळलं. मला वाटलं, आता संपलं. ती येईल, विचारेल, आणि मी तिचे पाय धरीन. ती आलीही, भिंत चाचपत. पण माझ्यावर संशय? छे! तिच्या मनाला ते शिवलंसुद्धा नव्हतं. म्हणाली, मशीन खोटं हाय रं. आपण दाबलं कपबशीला, त्यानं दिलं दुसऱ्याला.

आता तरी बोलायचं होतं ना? मी काय बोललो सांगू? म्हटलं, असेल काकू, मशीनचं काय सांगावं.

मग ती ज्याला त्याला सांगत सुटली. मासळीवाल्या बायकांना, दवाखान्यात, पिठाच्या गिरणीत. लोक हसायचे, म्हातारी चळली म्हणायचे. ती म्हणायची, माजे डोळे नाय, सुन्याला तर हायत? विचारा त्याला! आणि लोक मला विचारायचे. मी मान हलवायचो. पुढे पुढे तर रंगवून सांगू लागलो, मी स्वतः दाबलं, या बोटाने! मोठमोठी माणसं ऐकून घ्यायची, चहा पाजायची. मशीन बिचारं जे दाबलं तेच घेऊन गप्प बसलं होतं, आणि मी त्याच्या नावाने बोंबलत होतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच.

पुढच्या निवडणुकीला काकू दारात बसली नाही. मी गेलो बोलवायला. लुगडं पेटीतच होतं. म्हणाली, कशाला जायचं? जे व्हतं ते पण गेलं. त्यानंतर ती कधीच मतदानाला गेली नाही.

परवा ती चर्चा ऐकायला सून तिला आमच्याकडे सोडून गेली. मशीनविषयी कुणी बोललं की ती माझ्या गुडघ्यावर थाप मारायची. ऐकलंस? माजंच बोलतात! मग दुसरा एक खासदार उठला. म्हणाला, बूथवार आकडे बाहेरच येऊ देऊ नका, सगळ्या बूथांची मतं एकत्र करून मोजा, गावोगावी माणसं त्या आकड्यांना घाबरतात. हा माणूस माझी कैफियत मांडत होता! क्षणभर बरंही वाटलं. म्हणजे चूक मोजणीच्या पद्धतीची. पण आकडे बूथवार बाहेर येतात, हे काकूलाही ठाऊक होतं. दिनूशेठ तिच्याही आळीत राहत होता. ती घाबरली नव्हती. घाबरलो मी, आणि माझ्या भीतीची किंमत तिच्या मताने मोजली. गुप्त ठेवीन असं मी लिहून दिलं होतं. तेवढं मात्र इमानदारीत पाळलं.

चर्चा लांबली. कुणीतरी म्हणालं, पुन्हा कागदावर शिक्के मारून मतदान घ्या. काकू ताठ बसली. माझा हात शोधला — उजवाच सापडला तिला — आणि दोन्ही हातांत धरला.

"कागद आणला तर मी येईन हां. पण तूच चल माज्यासंगं. त्या डब्यावर माजा भरवसा नाय. तुज्यावर हाय."

मी म्हटलं, हो काकू, येईन.