चॉकलेटची मागची बाजू

माझ्या पोरीच्या कंपासपेटीत मला चॉकलेटचे कागद सापडले आणि मी तिला मारलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी शहाणपणा शिकवायला लागले तर तुम्हाला मला गप्प करता येईल.

तेव्हा ती चौथीत होती. त्याच्या आदल्या वर्षी तिला डायबेटिस निघाला. मोठ्या माणसांना होतो तो नव्हे, लहान पोरांना होतो तो. त्यात अंगात इन्सुलिन बनायचंच थांबतं आणि रोज चार वेळा सुई टोचून ते बाहेरून द्यावं लागतं. पथ्यानं ते जात नाही, कारल्याच्या रसानं जात नाही, कुणाच्या पुडीनं तर नाहीच नाही. आमच्या वडगाव रासाईत हे मी इतक्या जणींना इतक्या वेळा सांगितलंय, की आता झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवीन. तरी एखादी भेटतेच. "ऊस लई खाल्ला आसंल वो तिनं." आमच्याकडं नदीपासून रस्त्यापर्यंत ऊसच ऊस आहे. ऊस खाऊन हे होत असतं तर गावात एक माणूस धड राहिला नसता, असं मी तोंडावर सांगते. मला फटकळ म्हणतात. म्हणू द्या.

दुखणं तिला एकटीला झालं, पण त्याचा कायदा सगळ्या गावानं मिळून केला. तिला द्यायचं नाही. बारशाच्या घुगऱ्या वाटताना तिच्यापुढून ताट पुढं जायचं. बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात खीर वाटली, तेव्हा वाढणाऱ्या बाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वाटी पुढच्या पोराला दिली. प्रेमानंच केलं सगळं. प्रेमानं केलेल्या गोष्टीवर भांडताही येत नाही, हीच तर गोम आहे.

शाळेत तर रीतच पडलेली. ज्याचा वाढदिवस त्यानं नवे कपडे घालून यायचं आणि वर्गभर चॉकलेट वाटायचं. बाई सांगायच्या, "तिला नको हां, तिला शुगर आहे." मग पोरगं तिच्या बाकाशी यायचं, क्षणभर थांबायचं आणि पुढं जायचं. ती आम्हाला यातलं काहीच सांगत नव्हती. मीही विचारलं नाही. मला वाटलं, पोरगी शहाणी आहे, समजून घेतलं असेल.

आणि मग ते कागद. कंपासपेटीत कर्कटकाखाली, एकावर एक रचून ठेवलेले. माझं डोकं फिरलं. एक ठेवून दिली गालावर. वर तिचं तोंडही हुंगलं, चोर पकडल्यासारखं. ती रडली नाही. "मी खाल्लं न्हाई आई," म्हणाली. "पोरांनी टाकलेले गोळा केले." मला खरं वाटेना. मी साखर मोजायचं मशीन काढलं, तिच्या बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला. एकशे अठरा. चॉकलेट खाल्लेल्या पोरीचा हा आकडा नसतो.

"मग गोळा कशाला केले?"

"मागचं वाचायला."

तिनं एकेक कागद माझ्यापुढं मांडला. पाण्यानं धुऊन, वहीत दाबून सपाट केलेले. पुढची बाजू सगळ्यांची झगमगीत, सोनेरी, जांभळी. तिनं मात्र उलटे ठेवले होते. मागं मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत कोष्टक होतं: ऊर्जा, प्रोटीन, कार्बोहायड्रेट, त्यातली साखर, फॅट. प्रत्येकावर कार्बोहायड्रेटच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली. कुठल्या चॉकलेटमध्ये ते सगळ्यात कमी आहे ते ती शोधत होती. "दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या व्हत्या ना, भाकरीत पण हेच असतं म्हणून. मग भाकरी चालती, तर हे मोजून का न्हाई चालत?"

दहा वर्षांच्या पोरीनं विचारलेला हा प्रश्न. मी बारावी सायन्सला गणितात नापास झालेली बाई, ब्लाऊज शिवून पोट भरणारी. मी तिचा गाल कुरवाळला आणि म्हटलं, "चल, विचारू." मारल्याबद्दल माफी मात्र त्या दिवशी तोंडातून निघाली नाही. आयांना ते लवकर जमत नाही.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ते कागद पाहिले आणि हसल्या, पण चांगलं हसल्या. म्हणाल्या, चालतं. रोज नाही, पण मोजून आणि इन्सुलिनचा हिशोब करून खाता येतं. तिच्यासाठी हिशोब लिहून दिला: पंधरा ग्रॅम कार्बोहायड्रेटला एक युनिट. चॉकलेटमध्ये फॅट असतं, ते साखरेला पोटात अडवून धरतं, म्हणून साखर कमी झाली तर औषध म्हणून चॉकलेट देऊ नका, तेव्हा सरळ ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी द्या, असंही बजावलं. मी मान डोलावली. ऐकलं किती, ते पुढं कळलंच.

परत येताना यवतच्या स्टँडवर उतरलो. गावाकडची गाडी यायला अवकाश होता. माझ्या अंगात आनंद मावत नव्हता. टपरीवर गेले, पंचवीस ग्रॅमचं चॉकलेट घेतलं, उलटं केलं आणि मोठ्या ऐटीत वाचलं. कार्बोहायड्रेट साठ ग्रॅम. साठला पंधरानं भागलं, चार. चार युनिट टोचली. पोरीनं वर्षभरात पहिल्यांदा उघड्यावर, चार माणसांत, चॉकलेट खाल्लं. बोटं चाटली. मी बघत बसले.

तुमच्या ध्यानात आलंच असेल. साठ ग्रॅम हे शंभर ग्रॅम चॉकलेटमध्ये असतात. कोष्टकाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं तसं. आमच्या हातातलं चॉकलेट त्याच्या चौथाईएवढं. एका युनिटाचं काम, मी चार दिली होती.

तासाभरात तिचे हात थरथरायला लागले. कपाळावर घाम, ओठ पांढरे. "आई, कसंतरीच व्हतंय." सत्तरच्या खाली गेलं की धोका असतो, मशीननं अठ्ठेचाळीस दाखवलं. मी पिशवी उपसली. पिशवीतली ग्लुकोजची पुडी सकाळी दवाखान्यातच संपलेली. मी धावत जाऊन आणखी एक चॉकलेट आणलं आणि तिच्या तोंडात कोंबलं. डॉक्टरीणबाईंनी नको म्हणून सांगितलेलं, नेमकं तेच. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं. पन्नास. पोरगी माझ्या खांद्यावर मान टाकायला लागली.

रस्त्यापलीकडं रसवंती होती. चाकाच्या घुंगरांचा आवाज कानावर येतच होता, पण मला तो ऐकू आला नव्हता. ऊस. वर्षभर ज्याच्यावरून टोमणे खाल्ले, तोच. पोरीला उचललं आणि तिथं नेऊन बसवलं. गिलास तिच्या ओठाला लावला, तर बाकावरच्या एका बाईनं माझा हात धरला. मघाशी स्टँडवर मी पोरीला इंजेक्शन टोचताना तिनं पाहिलं होतं. "अगं, शुगर हाय ना पोरीला? मारती का काय तिला?" तिच्या मागं दोघं जण उभे राहिले. सगळ्यांचं म्हणणं एकच, रस देऊ नको. मी सांगायला लागले तर कुणी ऐकेना.

रसवंतीवाला म्हातारा होता. चाक सोडून आला आणि त्या बाईला म्हणाला, "मावशी, गिलास सोडा. आई हाय ती पोरीची. तिला कळतंय." मला काय कळत होतं ते माझं मला माहीत. पण त्या माणसाच्या त्या एका शब्दावर मी पोरीला गिलासभर रस पाजला, मग अर्धा आणखी. दहा मिनिटांत तिनं डोळे नीट उघडले. मी दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, आता पोळी-भाजी खायला द्या, दर पंधरा मिनिटांनी मोजा, आणि अंक खाली आला तर लगेच माघारी या. दोन-तीन तास आम्ही त्या बाकावरून हललो नाही. मी डब्यातल्या पोळीचे घास भरवत होते आणि रडत होते. ती बाई गुपचूप माझ्या शेजारी येऊन बसली आणि गाडी येईपर्यंत तिनं पोरीचा हात हातात धरून ठेवला.

घरी आल्यावर मी कानाला खडा लावला. पुन्हा चॉकलेटचं नाव काढायचं नाही. सगळे कागद चुलीत घालायला घेतले. पोरगी दारात उभी होती. म्हणाली, "आई, तू चुकलीस. चॉकलेट न्हाई चुकलं."

माझे सासरे ओट्यावर बसले होते. त्यांना मी मामा म्हणते. दौंडला रेल्वेत गँगमन होते, आता घरीच असतात. ते कधी मधे बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "आम्ही लहान व्हतो तवा गावच्या लग्नात सगळ्यात शेवटी बसायचो. पंगत उठली की मग. पानात वरनं टाकायचे. मला अजून ते पान दिसतंय." मग पोरीकडं बघून म्हणाले, "आजारानं का व्हईना, माझी नात पंगतीबाहेर बसणार न्हाई. सूनबाई, हिशोब शिका."

शिकले. शिवणाच्या मशीनवर वही ठेवून शिकले. शंभर ग्रॅममध्ये साठ, तर पंचवीसमध्ये किती. शाळेत ज्या त्रैराशिकानं मला रडवलं, ते मी भुईमुगाच्या शेंगेसारखं फोडायला लागले. पोरगी तोंडी करायची आणि मी कागदावर ताळा घ्यायचे. मशीन, पट्ट्या, साखरेची डबी पिशवीत, डबीत साखर भरलेली आहे की नाही ते दोनदा बघायचं. नवऱ्याची एमआयडीसीत शिफ्ट असायची, तोही येऊन विचारायचा, "आजचा प्रश्न काय?" घरात दर सुट्टीला आम्ही मोजून खाऊन पाहिलं. चार वेळा. चारही वेळा आकडा जागेवर राहिला.

मग तिचा वाढदिवस आला. ती म्हणाली, या वेळी मी वाटणार आणि मी पण खाणार, वर्गात.

मी मुख्याध्यापकांकडं गेले. ते वाईट माणूस नाहीत. पण घाबरट आहेत, आणि घाबरट माणसाच्या हातात शाळा असली की पोरांचे हाल होतात. म्हणाले, "ताई, काही झालं तर आमच्यावर येईल. घरी खाऊ घाला की." शाळा समितीवरचे एक बागायतदार आप्पा तिथंच बसलेले. ते म्हणाले, "पोरीचे लई लाड करताय तुम्ही. चॉकलेट न्हाई खाल्लं तर मरती का?"

मी पदर खोचला. "न्हाई मरत, आप्पा. तुम्हीही चहात साखर न्हाई घेतली तर मरणार न्हाई. पण समोरच्या कपात साखर आहे ना तुमच्या?" होती. त्यांनी कप जरा बाजूला सरकवला.

सर म्हणाले, "निदान जबाबदारी तुमची म्हणून लिहून द्या." मी म्हटलं, आणा कागद. लिहून दिलं. चॉकलेट किती ग्रॅमचं, त्यात कार्बोहायड्रेट किती, सुई किती, मी किती वाजेपर्यंत व्हरांड्यात बसणार. खाली सही केली. मग कागद उलटा केला आणि त्यांच्यापुढं सरकवला. "आता तुम्ही लिहा सर. सगळा वर्ग खातो आणि एका पोरीला ओलांडून जातो, याची जबाबदारी कोणाची, ते."

सरांनी पेन उचललं नाही. कागद घडी करून खणात ठेवला. मग म्हणाले, "उद्या मधल्या सुट्टीआधी या."

दुसऱ्या दिवशी ती नवा फ्रॉक घालून वर्गात उभी राहिली. मी दारात होते. तिनं कागद उलटा करून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, फळ्यावर भागाकार केला, आणि पोटाला सुई टोचून घेतली. एका पोरानं विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "तुला गणितात दुखतं तेवढंच." वर्ग हसला. मग तिनं सगळ्यांना वाटलं, शेवटचं स्वतःला ठेवलं, आणि बाकावर बसून सावकाश खाल्लं.

मी तीन तास व्हरांड्यात बसले. आकडे जिथं असायला हवे होते तिथंच होते. घरी येताना विचारलं, कसं लागलं?

"बरं व्हतं," ती म्हणाली. "चिक्की जास्त चांगली लागती."

माझा संतापच झाला. एवढं यवत झालं, एवढा तंटा झाला, आणि बरं व्हतं? चार दिवसांनी मी तिची घरी विसरलेली साखरेची डबी द्यायला शाळेत गेले होते. वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता. पोरगं वाटत वाटत माझ्या पोरीच्या बाकाशी आलं आणि थांबलं. त्यानं बाईंकडं पाहिलं नाही. डबा तिच्यापुढं धरला.

तिनं डब्यात पाहिलं, एक उचलून उलटं केलं, मागचं वाचलं आणि परत ठेवलं. "आज नको," ती म्हणाली. "मला भूक न्हाई."

पोरगं पुढं गेलं. मी बाहेरच्या भिंतीला टेकून रडले, आणि त्या दिवशी घरी गेल्या गेल्या, मारल्याबद्दल तिची माफी मागितली.