कंसातली ओळ

आमच्या कारखान्यातला मिस्तरी म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. उभी हयात लोखंड कापण्यात गेली, आता कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणाऱ्या मशीनवर उभा असतो. त्याची लेक वरच्या मजल्यावर त्याच मशीनसाठी प्रोग्रॅम लिहिते. प्रोग्रॅम केबलमधून खाली येतो आणि मशीन त्याप्रमाणे कापतं.

मागे एकदा लेकीने सगळ्यांदेखत त्याची चूक काढली आणि हा खेकसला, 'हात काळे न करता मला शिकवू नकोस.' झालं! तेव्हापासून दोघांत अबोला. घरी एका टेबलावर जेवतात, पण मीठ हवं असलं तरी आईला मध्ये घालतात. ती माउली एकदा वैतागून म्हणाली, 'मी काय ह्यांच्यामधली केबल आहे?'

आता लेकीला परगावी नोकरी लागली होती, रविवारी ती निघणार होती. न बोलताच गेली तर हा अबोला जन्माचा होणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मिस्तरीलाही दिसत होतं. पण पडतं घेईल तर तो मिस्तरी कसला!

शुक्रवारी सकाळी मशीन प्रोग्रॅम घेईना. सुरुवातीलाच अडायचं आणि लाल दिवा लावून बसायचं. केबल-जोडणीची कामं माझ्याकडे, म्हणून मला हाक आली.

'वर सांग, त्यांचा कॉम्प्युटर बिघडलाय,' मिस्तरी म्हणाला.

वर गेलो, तर लेक मान न वळवता म्हणाली, 'काका, खाली सांगा, मशीन म्हातारं झालंय.'

अस्सा संताप आला! माझ्या कामात हे नेहमीचं आहे. दोन्ही टोकं शाबूत असतात, तरी मध्ये काहीतरी अडतं, आणि जो तो समोरच्याच्या नावाने बोटं मोडतो. मी केबल बदलली. दोन्हीकडचा माहिती पाठवण्या-घेण्याचा वेग जुळतोय का पाहिलं, जुळत होता. मग कालचा प्रोग्रॅम पाठवून बघितला, तर तो मुकाट्याने गेला. म्हणजे घोळ आजच्या प्रोग्रॅममध्येच होता.

'आजचा उघड बघू,' मी लेकीला म्हणालो.

ती उघडेना. 'राहू द्या काका. वाचलं असेल त्यांनी. वाचूनही गप्पच आहेत.'

'काय वाचलं? खाली काही पोचलेलंच नाही.'

तेव्हा तिने हळूच स्क्रीन माझ्याकडे वळवला. दुसऱ्याच ओळीत कंस होता. मशीनवरच्या माणसाला तिथल्या स्क्रीनवर दिसावी म्हणून सूचना कंसात लिहायची पद्धत आहे. मशीन त्यावर करत काही नाही, पण ती घ्यावी तर लागतेच. आणि आमचं हे जुनं मशीन रोमन अक्षरांपलीकडे काही ओळखत नाही. ह्या पोरीने कंसात चक्क मराठीत लिहिलं होतं: 'बाबा, रविवारी स्टेशनवर सोडायला याल का?'

'अगं शहाणे, मशीनला मराठी येते का?'

'बाबांना येते ना,' ती म्हणाली.

ती ओळ खोडली असती तर मशीन लगेच सुरू झालं असतं, आणि निरोप काय, मीही सांगितला असता. पण सकाळपासून ह्यांचे निरोप वाहून माझे पाय तुटले होते, डोकंही फिरलं होतं. तडक खाली गेलो.

'दोष सापडला,' मी मिस्तरीला म्हणालो. 'पण मी हात लावणार नाही. तू वर चल.'

तो कुरकुरत आला आणि दारातच थबकला. लेक उठून उभी राहिली. मी ओळीवर बोट ठेवलं. तो वाकला, डोळे बारीक केले. मग घसा खाकरून म्हणाला, 'चष्मा खाली राहिला. तूच वाच.'

चष्मा त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होता. मी तिकडे काणाडोळा केला.

तिने वाचलं. 'बाबा' जरा मोठ्याने, आणि पुढचं भरभर.

'येईन की,' मिस्तरी म्हणाला. 'न यायला काय झालं? बॅग कोण उचलणार तुझी?'